रिंगला मागून पाणी

"मिस्त्रीचा कान गेला, काका. आता त्याला बारीक काम द्यायचं न्हाई."

पार्टिशनच्या पलीकडे माझा चुलतभाऊ पप्पांशी बोलत होता. आवाज दबका वगैरे नव्हता. कमरेइतकं प्लायवुड आणि वर काच असं ते पार्टिशन होतं, आणि मी मान खाली घालून लिहायला बसले की ऑफिस रिकामंच वाटायचं. त्यामुळे मला पुष्कळ काही ऐकू यायचं.

"कान नाही रे, वय झालं," पप्पा म्हणाले.

"मंग तेच की. म्या विचारलं त्याला, असं कसं केलं म्हणून. तर म्हणतो, ऐकण्यात चूक झाली असंल माझी. आज ऐकण्यात चुकला, उद्या चालू लेथमंदी हात घालंल. सुट्टी झाली की परवापासून कानस मारायला बसवू त्याला. लेथ मी बघून घेतो."

पप्पा काही बोलले नाहीत. आमच्या घरात पप्पांचं न बोलणं म्हणजे होकार.

त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदावर मिस्त्रीच्या हातून बिघडलेली ती रिंग ठेवलेली होती. तळहाताएवढी, पोलादाची, पुढून आरशासारखी लखलखीत आणि मागून निळी-काळी पडलेली. त्या निळ्या रंगाकडे मी काचेतून पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मला तेव्हाच काहीतरी टोचत होतं. काय ते नेमकं कळत नव्हतं.

जालन्याच्या एमआयडीसीत आमचं शेड होतं. आजूबाजूला सळया ओढणाऱ्या गिरण्या. त्यांची धग रस्त्यापर्यंत यायची, त्यांच्या ट्रकांनी रस्ता भरलेला असायचा. आमचा माल मात्र बशीत मावेल एवढा. आम्ही पंपांची सील बनवायचो. पंपाचा दांडा फिरतो, पंपाचं घर जागेवर असतं, आणि दोघांच्या फटीतून पाणी गळू नये म्हणून दोन रिंगा एकमेकींवर टेकवून ठेवतात. एक फिरते, एक थांबलेली असते. एक पोलादाची, एक काळ्या कार्बनची. दोघी एकमेकींना सतत घासत राहतात आणि तरी गळू देत नाहीत, कारण दोघींची तोंडं अतिशय सपाट असतात. तोंड हा शेडमधला शब्द. "तोंड बघ", "तोंड खराब झालं", "तोंड घासून आण". पहिल्या आठवड्यात मी हे ऐकून दर वेळी दचकायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बी.एस्सी. करून घरी आले होते. त्याआधीची सगळी वर्षं औरंगाबादला, इंग्रजी शाळेत आणि तिच्या होस्टेलात गेलेली. माझं मराठी घरापुरतं होतं: जेवणाचे शब्द, नातेवाइकांचे शब्द, रागावण्याचे शब्द. अक्षर मात्र चांगलं होतं. लोखंडाबद्दल, लेथबद्दल बोलायचं तर मला इंग्रजीत सुचायचं, आणि इंग्रजीत बोलले असते तर शेडमधले लोक हसले असते. म्हणून मी बोलायचेच नाही. चुलतभाऊ मला "म्याडम" म्हणायचा. मी "बरोबर" म्हटलं की तो "बराबर, म्याडम, बराबर" म्हणून चिडवायचा. त्यात वाईट काही नव्हतं. मला फक्त पुढचं वाक्य बोलावंसं वाटायचं नाही.

माझं काम म्हणजे बाहेरून आलेली इंग्रजी पत्रं आणि ड्रॉइंग वाचायची, त्यावरच्या सूचना एका दोनशे पानी वहीत मराठीत उतरवायच्या, आणि वही लेथपाशी ठेवायची. दुसरं काम दिव्याच्या खोलीत. तिथे एक पिवळा दिवा होता आणि एक जाड, गोल काच. घासून तयार झालेली रिंग काचेखाली धरली की तिच्या तोंडावर काळ्या-पिवळ्या पट्ट्या दिसत. पट्ट्या सरळ असतील तर तोंड सपाट. वाकल्या असतील तर वाकडं. डोळ्याला, बोटाला काही कळत नाही, पण पट्ट्यांना कळतं. त्या खोलीत पंखा लावायचा नाही, बोलायचं नाही, रिंग हातात फार वेळ धरायची नाही, कारण हाताच्या उबेनंसुद्धा पट्ट्या हलतात. माझ्यासाठीच कुणी बांधली असावी अशी ती खोली होती. तिथे मी सुखात असायचे.

मिस्त्रीमामा तिथे यायचे, चपला बाहेर काढून. ते भोकरदनकडचे. वडील गावातले लोहार, विळे-कुऱ्हाडी करणारे. मामा तिशीत जालन्याला आले आणि लेथ शिकले. आता साठीला टेकले होते. त्यांचे हात लेथवर असले की शेडमधला गोंगाट त्यांच्यापुरता थांबलाय असं वाटायचं. पहिल्या दिवशी ते दारात उभे राहून म्हणाले, "माय, तास सरळ हायेत का?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

ते हसले नाहीत. त्यांनी बोटानं हवेत रेघा ओढल्या. "तास. नांगराचे. काचखाली दिसत्यात त्या."

नांगरटीच्या रेघेला तास म्हणतात हे मला तेव्हा कळलं. पप्पांचं बालपण टेंभुर्णीच्या शेतात गेलेलं, तरी मला ते माहीत नव्हतं. त्यानंतर मीही पट्ट्यांना मनातल्या मनात तास म्हणू लागले. मोठ्यानं नाही.

मग ते काम आलं. दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेला विमानाच्या इंजिनासारख्या एका गॅस टर्बाइनसाठी सील तपासून पाहायचं होतं. पप्पांच्या ओळखीतून आमच्याकडे फक्त फिरणारी पोलादी रिंग करायचं काम आलं. एक ड्रॉइंग, पोलादाच्या दोन चकत्या, आणि सोबत काही झेरॉक्स पानं. पप्पांनी ड्रॉइंग दोन्ही हातांनी धरून पाहिलं, आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

ती झेरॉक्स पानं मी दोन दिवस वाचत होते. आमच्या पंपात सील थंड ठेवायला पंपातलंच पाणी पुरतं. टर्बाइनमध्ये एका बाजूला तापलेली दाबाची हवा, दुसऱ्या बाजूला बेअरिंगचं तेल, आणि मध्ये हे सील. दांडा इतक्या वेगात फिरतो की कार्बन नुसता टेकला तरी घासून घासून रिंगचं तोंड तापतं. तापलं की ते बशीसारखं किंचित वाकतं. वाकलं की एकीकडेच घासतं, आणखी तापतं, आणि तेल जळून त्याची खरपुडी धरते. म्हणून रिंग थंड ठेवायची. पण तोंडावर तेल ओतून चालत नाही, तिथे तर गळती अडवायची असते. तेव्हा रिंगच्या आतल्या कडेपासून, तोंडाच्या मागून, बाहेरच्या कडेपर्यंत बारीक तिरकी भोकं पाडायची. तेल आतून सोडायचं. रिंग फिरते आहेच, तिच्या फिरण्यानंच तेल भोकांतून बाहेर फेकलं जातं आणि जाताना मागची उष्णता घेऊन जातं. वेगळा पंप नको. जे फिरणं रिंगला तापवतं तेच तिला थंडही करतं.

मला हे इतकं आवडलं की रात्री जेवताना मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. आईनं विचारलं, "तिखट झालं का गं?"

म्हणजे मला सगळं समजलं होतं, आणि मी कुणालाही काही सांगितलं नाही. मी फक्त वहीत पाच सूचना लिहिल्या. माप, भोकांचा तिरपेपणा, तोंडाचा सपाटपणा, कडा मारून बोथट करायच्या की तशाच ठेवायच्या. ड्रॉइंगवर आणखी एक सूचना होती की पोलाद कडक करूनच पाठवलं आहे, पुन्हा तापवू नये. ती मी गाळली. माल तयार आलाय, आपण कशाला तापवू, असं मला वाटलं. आणि पाचवी सूचना थंड ठेवण्याबद्दलची. ती खरं तर आमच्या कामाचीच नव्हती, इंजिनात काय होणार ते सांगणारी होती. पण मला आवडली होती म्हणून मी ती लिहिली. थंड करणाऱ्या द्रवाला काय म्हणावं? आमच्या लेथवर कापताना दुधासारखं पांढरं साबणाचं मिश्रण वाहतं, त्याला सगळे पाणीच म्हणत. मी लिहिलं: "रिंगला मागच्या बाजूने पाणी द्यावे."

मामा वही वाचताना ओळीखालून बोट फिरवायचे. त्या दिवशी बोट पाचव्या ओळीवर थांबलं. ते वही घेऊन ऑफिसच्या दारात आले.

"माय, मागच्या अंगाला पाणी द्यायचं?"

"हो."

"फकस्त मागं? तोंडाला न्हाई?"

"तोंडाला अजिबात नाही. मागूनच."

ते दारातून हलले नाहीत. त्यांना आणखी काही विचारायचं होतं हे मला न बघताही कळत होतं. मी चौकशीचं एक पत्र टाइप करत होते. मी मान वर केली असती तर त्यांनी विचारलं असतं. मी केली नाही. "बरं," म्हणाले आणि गेले.

रिंग चार दिवसांनी दिव्याच्या खोलीत आली. मामांच्या हातची भोकं पाहण्यासारखी होती, सगळी एकाच तिरप्या चालीची, आत बोट फिरवलं तर कुठे ओरखडा नाही. मी तोंड पुसलं, काच ठेवली, आणि पाहिलं तर पट्ट्या वेटोळं घालून बसलेल्या. रिंग गार होऊ दिली. पुन्हा पाहिलं. तसंच. घासून सपाट करायचं म्हटलं तर जाडी मापाखाली गेली असती. मग मी ती उलटी केली आणि तो निळा-काळा रंग पाहिला. तापवलेल्या पोलादाचा रंग.

चुलतभावानं ती माझ्या हातातून घेतली आणि सरळ लेथपाशी गेला. मामांनी गॅसच्या ज्योतीवर मागची बाजू लाल करून तेलात बुडवली होती. "कुणी सांगितलं तुम्हाला हे?" भाऊ ओरडला. सगळ्या मशीन चालू होत्या तरी ऐकू आलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी खोलीच्या दारात उभी होते, त्यांच्या समोरच. ते लेथवरचा कीस ब्रशनं गोळा करत म्हणाले, "ऐकण्यात चूक झाली असंल माझी, छोटे साहेब."

मी विचार केला, खरंच त्यांनी चुकीचं ऐकलं असेल. मी तर थंड करायचं सांगितलं होतं, त्यांनी तापवलं. माझ्या मनाला ते पटत होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आई मेथी चिरत होती. विळी अडत होती. आई म्हणाली, "हिला आता पाणी द्यायला पाहिजे."

मी उठून तांब्या घेतला.

आई माझ्याकडे बघतच राहिली. "हे काय?"

"पाणी देते. धुऊन."

"अगं बाई!" आईला हसू आवरेना. "धुवून काय होतंय? लोहाराकडं द्यायची. तो तापवून लाल करतो आन् चर्र करून बुडवतो. मंग धार टिकते. त्याला म्हणतात पाणी देणं. एवढं शिकवलं त्या शाळेनं, हे न्हाई शिकवलं?"

"आणि शेताला पाणी देतात ते?"

"ते शेताला. हे लोखंडाला."

"आणि लेथवर पाणी असतं ते?"

"ते मला काय ठाऊक? तुझ्या पप्पांना विचार." पप्पा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता ते म्हणाले, "लेथवर पाणी सोडतात. का गं?"

"काही नाही," मी म्हणाले.

तांब्या हातात तसाच होता. सोडतात. शेडमध्ये दिवसातून पन्नास वेळा मी ऐकलेलं होतं, "पाणी सोड रे", "पाणी बंद कर". देतात असं कुणीही कधी म्हटलं नव्हतं. मी घरातला शब्द घेतला आणि लोहाराच्या मुलाच्या हातात दिला. त्यांनी तो अगदी नीट ऐकला. शंका आली तर विचारायलासुद्धा आले. दोनदा विचारलं. आणि दोन्ही वेळा मी तेच सांगितलं.

त्या दिवशी सांगता आलं असतं. पप्पा समोरच होते. मी दुपारभर वाक्य जुळवत होते आणि ते इंग्रजीत छान जुळत होतं. इंग्रजीत गैरसमज झाला, सूचनेत संदिग्धता राहिली, असं कुणाचंच नाव न घेता बोलता येतं. मराठीत जुळवायला गेले की मला मामा कीस गोळा करताना दिसत. त्यांनी "चूक झाली" एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी "माझी" हा शब्द जोडला होता.

नंतरचं आधीच सांगून टाकते. दुसरी चकती होती, म्हणून काम वाचलं. दुसरी रिंग मामांनीच केली, आणि ती करण्याआधी मी त्यांना सगळं सांगितलं, तेल कुठून येतं, कुठे जातं, का जातं. हातपुसणं ओलं करून त्याचं टोक धरून गरागरा फिरवून दाखवलं. थेंब भिंतीवर, भावाच्या शर्टावर, सगळीकडे उडाले. "असं व्हय!" मामा म्हणाले. "मंग ह्या भोकांची बाहेरची तोंडं अजून गुळगुळीत पायजेत. तेल अडंल न्हाई तर." हे ड्रॉइंगमध्ये नव्हतं. आम्ही पत्र लिहून विचारलं, आणि तिकडून उत्तर आलं की तसंच करा. ती रिंग काचेखाली ठेवली तेव्हा तास सरळ होते, टेंभुर्णीच्या चांगल्या नांगरटीसारखे. ती चालली, एवढं प्रयोगशाळेनं कळवलं. पुढे कुठल्या इंजिनात तशी रिंग बसली की नाही हे आम्हाला कधीच कळलं नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नाही. शेडमध्ये माझ्या लग्नापर्यंतची सगळी वर्षं चांगली गेली. वहीच्या शेवटच्या पानावर मामा मला शब्द सांगत आणि मी लिहून घेत असे.

पण त्या सुट्टीनंतरच्या सकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं.

मी ऑफिसात जाऊन बसले. वही समोर उघडी, पाचवी ओळ. काचेतून लेथ दिसत होता. चुलतभाऊ मामांपाशी गेला आणि आज तो ओरडला नाही. खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं. बहुतेक चांगल्याच शब्दांत सांगितलं असेल. मामांनी मान हलवली. मग त्यांनी लेथखालचा खण ओढला आणि आपल्या वस्तू काढायला लागले. तेलकट फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर. चष्म्याची डबी. एक छोटा ब्रश. स्वतःच्या पैशानं आणलेली दोन हत्यारं, त्यांच्या धारेला त्यांनी स्वतःच पाणी दिलेलं. एकेक वस्तू ते फडक्यानं पुसत होते आणि टोपीत ठेवत होते, जणू घाई नव्हती. शेवटी त्यांनी लेथचा पट्टा हातानं थोडा पुढे-मागे फिरवून पाहिला. नवीन माणसाला नीट मिळावा म्हणून असेल.

पप्पा शेडच्या दारात उभे होते, हात मागे बांधून. त्यांनाही हे आवडत नव्हतं, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

मी वही घेतली. पार्टिशनचं दार नेहमी अडकायचं, ते मी ढकललं तर धाडकन उघडलं आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. इतक्या लोकांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलेलं मला आठवत नाही. लेथपर्यंतचं अंतर पंधरा पावलं असेल. मामांच्या हातात टोपी होती. मी वही त्यांच्या लेथवर ठेवली, पाचव्या ओळीवर बोट ठेवलं, आणि जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"काय झालं, म्याडम?" भाऊ म्हणाला.

"मामांचा कान बराबर आहे, दादा," मी म्हणाले. "शब्द माझा चुकला."